पहिली गाडी आणि विम्याचा हप्ता

गेल्या दिवाळीत गावाकडचा माझा चुलतभाऊ भेटायला आला. सोयाबीनचे पैसे हाती आले होते, थोडे कर्ज पतसंस्थेतून मिळणार होते, आणि घरात मोटार घ्यायचे घाटत होते. "दादा, कोणती गाडी घेऊ?" त्याने विचारले. मी म्हटले, "चालवणार कोण?" तर म्हणाला, "पोरगा. महिन्यापूर्वीच लायसन काढलंय त्यानं." मग रंग कोणता, लिटरला किती धावते, टपावर पोती बांधता येतील का, अशी तासभर बोलणी झाली. विम्याचा शब्द काही निघेना. अखेर मीच काढला, तेव्हा तो हसून म्हणाला, "ते काय, शोरूमवालेच करून देतात की!"

शोरूमवाले करून देतात हे खरे. पण पैसे आपण देतो, आणि तेही वर्षानुवर्षे. गाडीची किंमत एकदा चुकती केली की झाली. विम्याचा हप्ता मात्र गाडी दारात आहे तोवर आपल्या मागे असतो. आणि तो किती पडणार हे बहुतांशी गाडी निवडली त्याच दिवशी ठरून जाते. म्हणून ज्यांच्या घरी पहिलीच मोटार येणार आहे आणि ती नवशिका माणूस चालवणार आहे, त्यांच्याशी या विषयावर थोडे बोलावे असे वाटले. मी विमा कंपनीचा माणूस नव्हे. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. पण या बाबतीत एकदा स्वतः पोळलो आहे. ती हकीकत पुढे येईलच.

मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात. लोक ज्याला 'थर्ड पार्टी' म्हणतात तो पहिला. यात पहिला पक्ष तुम्ही, दुसरा विमा कंपनी. आणि तिसरा कोण? तर रस्त्याने आपल्या वाटेने चाललेला तो माणूस, ज्याला तुमच्या गाडीने इजा झाली. त्याला किंवा त्याच्या वारसांना जी भरपाई द्यावी लागते ती या विम्यातून जाते. दुसरा भाग तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा: धडक, चोरी, आग, पूर वगैरे. दोन्ही मिळून जो विमा होतो त्याला बाजारात 'फुल इन्शुरन्स' म्हणतात. पहिला भाग आपल्या देशात १ जुलै १९४६ पासून कायद्याने सक्तीचा आहे. आजचा कायदा १९८८ सालचा; त्याच्या १४६ व्या कलमाप्रमाणे विम्यावाचून गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. आणली आणि सापडलात, तर पहिल्या खेपेस दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसरा भाग ऐच्छिक. मात्र गाडीवर बँकेचा बोजा असेल तर बँक तोही घ्यायला लावते.

दंड सोडा. खरे भय दंडाचे नाहीच. पणाला काय लागते ते आकड्यांनी पाहू. शिक्षक मंडळींनी हे गणित वर्गातही घालायला हरकत नाही. समजा, अपघातात अठ्ठावीस वर्षांचा एक दुकानदार दगावला. महिन्याची कमाई पंधरा हजार. घरात बायको, दोन मुले आणि आई. वर्षाची कमाई झाली १,८०,०००. चार माणसे त्याच्यावर अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले १,३५,०००. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली वयाप्रमाणे गुणक ठरवून दिले आहेत. सव्वीस ते तीस वयाला गुणक सतराचा. गुणाकार आला २२,९५,०००. शिवाय २०१७ सालच्या निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या स्वतंत्र धंदेवाल्याच्या कमाईत पुढील वाढीसाठी चाळीस टक्के भर धरतात. म्हणजे रक्कम बत्तीस लाखांच्या वर गेली. विमा असेल तर मोटार अपघात दावे न्यायाधिकरणाच्या हुकमाप्रमाणे कंपनी ती भरते. विमा नसेल तर गाडीच्या मालकाला भरावी लागते. मग त्याचे शेत आहे, घर आहे, पगार आहे.

एवढ्या मोठ्या जोखमीला हप्ता किती, तर तो ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवते, तो सर्व कंपन्यांना सारखाच. येथे घासाघीस नाही आणि एजंटची मेहरबानीही नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकाप्रमाणे खाजगी मोटारीचे इंजिन हजार सीसीपर्यंत असेल तर वर्षाला २,०९४ रुपये. हजाराच्या वर ते दीड हजारापर्यंत ३,४१६. आणि दीड हजाराच्या वर ७,८९७. जीएसटी निराळा. नवीन गाडी घेताना थर्ड पार्टीचा विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, हा नियम सप्टेंबर २०१८ पासून आला. त्याचे आकडे अनुक्रमे ६,५२१, १०,६४० आणि २४,५९६. विजेच्या गाडीला सीसी नसते, म्हणून तिथे मोटरची ताकद किलोवॅटमध्ये मोजून असेच तीन टप्पे पाडले आहेत आणि दर थोडे कमी ठेवले आहेत.

या पत्रकात काय आहे त्याहून काय नाही हे पाहण्यासारखे आहे. चालवणारा अठराचा की अठ्ठेचाळीसचा, परवाना काल मिळाला की वीस वर्षांपूर्वी, हा प्रश्न त्यात कोठेही नाही. विलायतेत तरुण आणि नवशिक्या माणसाला विमा फार महाग पडतो. कधी कधी जुन्या गाडीच्या किमतीहून हप्ता मोठा होतो, असे तिकडे राहिलेले आपले नातेवाईक सांगतात. आपल्याकडे थर्ड पार्टीचा दर माणसाला ओळखत नाही, इंजिनाला ओळखतो. तेव्हा नवशिक्याला स्वस्त विम्याची गाडी हवी असेल तर पहिली गोष्ट बघायची ती आर.सी.वर छापलेली सीसी.

आता ती बाजारात कशी दिसते? आल्टो के-१० चे इंजिन ९९८ सीसीचे, क्विडचे ९९९. वॅगन-आर मात्र दोन इंजिनांत मिळत आली आहे: एक ९९८ चे, दुसरे ११९७ चे. गाडी तीच, दार तेच, बाक तेच. पण दुसरे इंजिन घेतले की हजारची रेघ ओलांडली आणि वर्षाला १,३२२ रुपये जास्त. स्विफ्ट आणि टिआगो बाराशेच्या आसपास, त्यामुळे मधल्या टप्प्यात. गावाकडे ज्या जीपवजा गाड्यांचे आकर्षण असते त्यांपैकी बोलेरो १४९३ सीसी असल्याने मधल्याच टप्प्यात बसते. पण अलीकडची डिझेल स्कॉर्पिओ दोन हजारांच्या वर, म्हणजे लहान गाडीच्या पावणेचार पट हप्ता. जुनी स्कॉर्पिओ स्वस्तात मिळते म्हणून पोरांच्या आग्रहाखातर आणणारे पुष्कळ आहेत. किंमत उतरली तरी सीसी उतरत नाही, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

उलट प्रकारही आहे. काही नव्या महागड्या गाड्यांत टर्बो जातीचे ९९८ सीसीचे इंजिन असते. त्यांची थर्ड पार्टी आल्टोइतकीच. पण म्हणून त्या स्वस्त विम्याच्या झाल्या असे समजू नका. त्यांची कसर दुसऱ्या भागात निघते.

दुसऱ्या भागाकडे वळण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण या बाबतीत माझे मत हिशेबाच्या थोडे विरुद्ध आहे. टिआगो ११९९ सीसीची, म्हणून वर्षाला तेराशे रुपयांनी महाग. परंतु ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०२० साली तिची टक्कर-चाचणी घेतली तेव्हा प्रौढ प्रवाशांच्या रक्षणासाठी तिला पाचांपैकी चार तारे मिळाले. २०२३ साली त्याच संस्थेच्या चाचणीत वॅगन-आरला एक आणि आल्टो के-१० ला दोन. त्यानंतर या गाड्यांत एअरबॅगा वाढल्या, चाचण्याही बदलल्या, आणि ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची स्वतःची भारत एनकॅप सुरू झाली; तेव्हा तुम्ही घ्याल त्याच वर्षाच्या गाडीचा निकाल बघा. पण मुद्दा असा की, थर्ड पार्टीचा दर हे तारे मोजत नाही. घरचे कोवळे पोर पहिल्यांदा हायवेवर गाडी घालणार असेल तर तेराशे रुपयांकडे मी तरी पाहणार नाही. सीसी बघायची ती दोन सारख्या भक्कम गाड्यांत निवड करताना.

आता स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा. याचा हप्ता इतर गोष्टींबरोबर या तीन गोष्टींवर चालतो: गाडीचे विमामूल्य, तिचे वय आणि ती कोठे नोंदलेली आहे. विमामूल्य म्हणजे कंपनी मानते ती गाडीची आजची किंमत, विमापत्रावर 'आय.डी.व्ही.' म्हणून जो आकडा असतो तो. नव्या गाडीच्या छापील किमतीतून पहिल्या सहा महिन्यांत पाच टक्के, वर्ष भरेपर्यंत पंधरा, दोन वर्षांपर्यंत वीस, तीनपर्यंत तीस, चारपर्यंत चाळीस आणि पाच वर्षांपर्यंत पन्नास टक्के घट धरतात. त्यापुढे कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायचे. दहा लाखांच्या टर्बो गाडीची कसर निघते ती येथे. सोयीसाठी दर शंभराला दोन रुपये धरा: पाच लाखांच्या गाडीला दहा हजार, दोन लाखांच्या जुन्या गाडीला चार हजार. २००७ पासून हे दर कंपन्या आपापले ठरवतात, म्हणून येथे मात्र तीनचार ठिकाणी विचारावे. पण एक युक्ती ध्यानात ठेवा. काही जण विमामूल्यच कमी लिहून हप्ता उतरवून देतात. गाडी चोरीला गेली म्हणजे मग तेवढेच पैसे हातात पडतात.

गावच्या पत्त्यावर गाडी नोंदली की विमा फार स्वस्त पडतो, अशी एक समजूत आहे. जुन्या सरकारी दरपत्रकाने मुंबई, पुणे आणि देशातील इतर काही मोठी शहरे एका विभागात घातली आणि बाकी सारा मुलूख दुसऱ्यात. दुसऱ्याचा दर कमी आहे, पण लहान नव्या गाडीला त्या पत्रकातला फरक शंभर रुपयांमागे दहा पैशांच्या आतला. एवढ्यासाठी पत्त्याची लपवाछपवी करू नये.

नवशिका माणूस गाडी खरचटवतो. याला इलाज नाही. गोठ्याची भिंत, शाळेचे फाटक, शेजाऱ्याची मोटारसायकल, कोठेतरी लागणारच. मग प्रश्न येतो, दावा करावा की नाही. समजा बंपर फुटला. नवा चार हजारांचा, बसवायची मजुरी पाचशे. प्लास्टिकच्या भागाला कंपनी निम्मेच पैसे देते, म्हणजे दोन हजार. त्यात मजुरी पाचशे. त्यातून तुम्ही सक्तीने सोसायचे एक हजार वजा. हाती आले दीड हजार. आता दुसरी बाजू बघा. वर्षभर दावा केला नाही तर पुढच्या हप्त्यात 'नो क्लेम बोनस' म्हणून वीस टक्के सूट मिळते. मग ती वर्षागणिक पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि शेवटी पन्नास टक्क्यांपर्यंत चढते. स्वतःच्या नुकसानीचा हप्ता आठ हजार असेल तर पहिली सूटच सोळाशेची. दीड हजार मिळवायला सोळाशे घालवले, आणि शिडीही खालच्या पायरीपासून पुन्हा चढायची. म्हणून पहिल्या दोन वर्षांची खरचट स्वतःच्या खिशातून भागवावी, आणि त्यासाठीच ज्या गाडीचे बंपर, आरसे, दिवे तालुक्याच्या गावी स्वस्तात मिळतात ती गाडी घ्यावी. नवशिक्याच्या हिशेबात हे सीसीइतकेच महत्त्वाचे आहे.

ही सूट माणसाची असते, गाडीची नव्हे. जुनी गाडी विकत घेतली म्हणजे आधीच्या मालकाची पन्नास टक्के सूट तुमच्याकडे येत नाही. तुमची सुरुवात शून्यापासून. आणि विमा संपून नव्वद दिवसांत नवा केला नाही, तर साठवलेली सूट बुडते. नव्या गाडीवाल्यांची येथे हमखास चूक होते. थर्ड पार्टी तीन वर्षांची असल्याने कागदावर तीन वर्षांपुढची तारीख दिसते. स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यात इंजिन बसले की मग कळते.

आता माझी हकीकत. सात वर्षांपूर्वी मी पहिली गाडी घेतली ती जुनी. एजंटने आर.सी. माझ्या नावावर करून दिली, विमापत्र हातात दिले, त्यावर अजून आठ महिने बाकी होते. फुल इन्शुरन्स, असे तो दोनदा म्हणाला. मी खूश. पाचव्या महिन्यात कॉलेजच्या फाटकाच्या खांबावर गाडी घातली. खर्च अकरा हजार. पाहणी करायला आलेला गृहस्थ मोठा सभ्य होता. कागद उलटून पाहिले आणि म्हणाला, "सर, गाडी तुमची झाली, विमा अजून त्यांचाच आहे." कायद्याने थर्ड पार्टीचा भाग गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतो. पण स्वतःच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही; गाडी नावावर झाल्यापासून चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करून विमाही नावावर करून घ्यावा लागतो. मी तो केला नव्हता. एम.ए. झालेला माणूस, रोज पोरांना करार म्हणजे काय ते शिकवतो; आणि स्वतःच्या विमापत्रावर नाव कोणाचे आहे हे वाचले नव्हते. अकरा हजार मीच भरले.

गाडी विकणाऱ्यानेही गाफील राहू नये. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या की आपण सुटलो असे तो समजतो. परंतु आर.टी.ओ.च्या दप्तरी नाव बदलेपर्यंत कायदा त्यालाच मालक धरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे पुन्हा निक्षून सांगितले. जुन्या गाडीला गॅसचे किट बसवलेले असेल तर ते आर.सी.वर आणि विमापत्रावर, दोन्हीकडे चढलेले आहे ना, हेही घेणाऱ्याने पाहावे.

शिक्षक बंधुभगिनींना आणखी एक गोष्ट सांगायची आहे. चारपाच जणांनी मिळून एकाच्या गाडीने शाळेला जायचे, अशी प्रथा आता सगळीकडे आहे. चांगलीच आहे. पण गाडी जुनी म्हणून मालकाने नुसती थर्ड पार्टी घेतलेली असते. गाडीत बसलेले सोबती हे त्या अर्थाने 'तिसरा पक्ष' ठरत नाहीत. केवळ कायद्यापुरता विमा असेल तर त्यांच्या भरपाईची जबाबदारी कंपनीवर येत नाही, आणि फुल इन्शुरन्स असेल तर येते, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात मांडला आहे. म्हणजे दीड लाखाच्या जुन्या गाडीला फुल इन्शुरन्स कशाला, असे म्हणताना गाडीचा पत्रा मोजू नका, आत बसलेली माणसे मोजा. आणि पेट्रोलचे पैसे वाटून घेणे निराळे, सीटमागे भाडे घेणे निराळे. खाजगी गाडी भाड्याने चालवली की विम्याची अट मोडली. लग्नसराईत हा मोह फार होतो.

चुलतभावाने शेवटी वॅगन-आर पाहिली, लहान इंजिनाची, चार वर्षांची. मग फोनवर विचारले, "दादा, नावावर कोणाच्या करू? माझ्याच करतो." मी म्हटले, "तुझं लायसन आहे का?" नव्हते. मालक-चालकासाठी पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. पण तो नोंदलेल्या मालकाला, आणि त्याचा स्वतःचा परवाना चालू असेल तरच. बाप मालक, परवाना पोराचा, अशा घरात तो दोघांनाही लागू होत नाही. थोडा वेळ तो गप्प राहिला. पोराच्या नावावर एवढी मोठी वस्तू करायची हे त्याच्या जिवावर आले असावे. चार दिवसांनी पुन्हा फोन आला. गाडी पोराच्या नावावर झाली होती, फुल इन्शुरन्स काढायचा ठरला होता, आणि पोरगा स्वतःच बोलत होता: "काका, विम्याच्या अर्जाचे ते चौदा दिवस कोणत्या तारखेपासून धरायचे?"